शेजारच्या सीटचा ब्रेक

अपघाताला एक दिवससुद्धा उलटला नव्हता, आणि घरातल्या प्रत्येकाची गोष्ट तोंडपाठ झाली होती. फक्त प्रत्येकाची वेगळी होती.

थोरली ड्रायव्हिंग स्कूलच्या पुढच्या खोलीत बाकावर पाय लांब करून बसली होती. गुडघ्याला पट्टी होती. ती कालच्या टकरीची नव्हे, आधीपासूनचीच. डॉक्टरकडून ती बदलून घेऊन येतानाच तर हे सगळं झालं. खिडकीतून आवारात उभी असलेली शाळेची गाडी दिसत होती. पुढून बघावी तर धुतली-पुसलेली, मागून बघावी तर कुणी पाय देऊन चेपलेला डबा. पाववाल्याची डिलिव्हरी व्हॅन मागून येऊन आदळली होती, आणि त्या व्हॅनच्या ड्रायव्हरचा हात मोडला होता.

विमा कंपनीचा माणूस दुपारी येणार होता. तो यायच्या आत सगळ्यांनी एक काय ते ठरवायचं, म्हणून ही बैठक.

"मी ठरवलंय," टेबलामागून मास्तर म्हणाला. मास्तर म्हणजे थोरलीचा मोठा मुलगा. शाळा तो चालवायचा, शिकाऊ लोकांना तोच शिकवायचा. "गाडी मी चालवत होतो असं सांगायचं. माझ्याकडे लायसन्स आहे. प्रश्न मिटला."

थोरलीनं त्याच्याकडे अशी नजर टाकली, की भाजीवाल्यानं तळाची सडकी वांगी पुढे करावीत आणि गिऱ्हाइकानं बघावं.

"मिटला? आणि या धाकटीला स्टिअरिंगमागून ज्यांनी हात धरून बाहेर काढलं, त्यांचे डोळे तू मागून घेणार का उसने? त्या व्हॅनवाल्यानं मोडका हात धरून शिव्या कुणाला दिल्या? हिला. तुझ्याकडे त्यानं बघितलंही नाही. बघणार कसा, तू उतरून आधी आरशात भांग बघत होतास."

"कपाळाला लागलंय का ते बघत होतो, आई."

"लागलं नव्हतं. तिथं लागण्यासारखं काही असतं तर लागलं असतं."

मास्तराची बायको हसणार होती, पण नवरा आपलाच आहे हे वेळेवर आठवून तिनं ओठ मिटले. शाळेचा फोन आणि शिकाऊंच्या वेळा ती सांभाळायची. शिकाऊ लोक तिला मॅडम म्हणत, आणि तिला ते इतकं मानवलं होतं, की हल्ली घरातही दुसऱ्या कुठल्या हाकेला ती वळून बघत नसे.

"मी सांगू का?" मॅडम म्हणाली. "हे खोटंबिटं कशाला? खरं तेच सांगू या. चालवत कोण होतं? ही. हिच्याकडे लायसन्स आहे? नाही. मग चूक कुणाची? पाववालाही तेच म्हणतोय. हिनं न विचारता गाडी काढली म्हणायचं, शाळेचा काही संबंध नाही."

"न विचारता?" थोरली म्हणाली. "आणि मागच्या सीटवर मी बसले होते ती काय? मला डिकीत घालून पळवून नेलं हिनं? आणि शेजारी तुझा नवरा होता, तो काय वाटेत हात दाखवून बसला?"

"तुम्हाला माहीत नसेल ना, हिच्याकडे लायसन्स नाही ते."

"ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकिणीला. स्वतःच्या सुनेचं. वा. हे ऐकून तर तो विमेवाला रडेलच."

जिच्याविषयी हे बोलणं चाललं होतं, ती दाराजवळ उभी होती. थोरलीची धाकटी सून. तिच्या बापाचा विटा वाहायचा धंदा, म्हणून थोरलीनं तिला आल्या दिवसापासून वीटवाली करून टाकलं होतं. नाव ठेवताना थोरलीनं कधी कुणाला विचारलं नाही. मुलीचे पाय पेडलला जेमतेम पोचत तेव्हापासून तिनं बापाचा ट्रक भट्टीच्या आवारात मागे-पुढे केलेला. लग्न करून आली ती हातात स्टिअरिंग घेऊनच, आणि थोरलीला तिच्यात न आवडण्यासारखं जे जे होतं त्यात हेही होतं. रुंद मनगटं, मोजून बोलणं, आणि कुणी ओरडलं की खाली न बघता सरळ समोर बघणं.

लायसन्स तिनं मागितलं नव्हतं असं नाही. दरवेळी मास्तर म्हणायचा, पुढच्या महिन्यात. मॅडम म्हणायची, घरचीच माणसं परीक्षेत नापास झाली तर बाहेर बोर्ड कशाला ठेवायचा? ही नापास होणार नाही हे दोघांनाही ठाऊक होतं, आणि अडचण तीच होती. मास्तराच्या ओरडण्यानं डोळे पुसत बाहेर आलेल्या बायका हिच्याशेजारी पायरीवर बसत, आणि पुढच्या वेळी फोन करून विचारत, "त्या धाकट्या ताई आहेत का?" लायसन्स हातात आलं की मग शिकवायची परवानगी, आणि मग निम्मी शाळा हिच्यामागे गेली असती.

तरी घरची गाडी हीच चालवायची. कारण मास्तर चालवत नसे. ही गंमत बाहेर कुणाला माहीत नव्हती. इतकी वर्षं शेजारच्या सीटवर बसून दुसऱ्यांना शिकवता शिकवता त्याची स्टिअरिंगमागे बसायची सवयच गेली होती. त्या बाजूला बसला की त्याला घाम फुटायचा. लायसन्स मात्र पाकिटात, फोटोसकट, कडक.

"मग तुमचं काय म्हणणं, जाऊबाई?" वीटवालीनं विचारलं. "मी काय करायचं?"

"काही नाही. चूक झाली म्हणायचं, सही करायची. आणि थोडे दिवस माहेरी जाऊन राहायचं. लोकांच्या तोंडावर रोज दिसलीस की बोलणार ते. शाळेत यायचं बंद. बायका सगळ्या यांच्याकडेच शिकतील."

"थोडे दिवस म्हणजे किती?"

"ते बघू ना."

"म्हणजे कायमचं," वीटवाली म्हणाली. तिच्या आवाजात रडू नव्हतं, आणि म्हणूनच थोरलीला चीड आली. रडली असती तर दोन शब्द सुनावून तिला आत पाठवता आलं असतं.

मास्तरानं घसा साफ केला. "कायमचं कुणी म्हणत नाही. पण शाळेचं नाव आहे. बाबांनी उभी केलेली शाळा आहे. एका बिनलायसन्सच्या बाईपायी ती बुडवायची का? चूक तिची, हे कायद्यानंच झालं."

थोरली गप्प राहिली. ती गप्प राहिली याचं त्या खोलीत कुणालाच नवल वाटलं नाही, कारण तिचं गप्प राहणं मास्तराच्या बाजूनं असतं हे घराला माहीत होतं. मोठा मुलगा होता. नवरा गेल्यावर बोर्डावरचा रंग त्यानंच पुन्हा दिला होता. सभेत, लग्नात, दवाखान्यात ती त्याचं नाव असं सांगायची, की ऐकणाऱ्यानं जरा सरळ बसावं. आणि काल रस्त्यावर काय झालं हे ऐकणारे कान गाडीत तीनच माणसांचे होते.

तेवढ्यात धाकटा आत आला. थोरलीचा दुसरा मुलगा, वीटवालीचा नवरा. शाळेच्या गाड्या तोच दुरुस्त करायचा. भांडण सुरू झालं की तो गाडीखाली जाऊन झोपायचा. आजही सकाळपासून तिथंच होता. हात तेलानं काळे, चेहरा नेहमीसारखा माफी मागणारा.

"दादा," तो म्हणाला, "घंटीची वायर तू काढलीस का?"

ही घंटी थोरलीच्या नवऱ्यानं बसवलेली. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटखाली दुसरा ब्रेक असतो, मास्तराचा. थोरलीच्या नवऱ्यानं त्या ब्रेकला सायकलची घंटी जोडली होती. मास्तरानं ब्रेक दाबला की घंटी वाजायची, आणि घंटी वाजली की शिकाऊनं जागच्या जागी मोठ्यानं आपली चूक सांगायची. सिग्नल बघितला नाही. पुढच्याच्या फार जवळ गेलो. आरसा बघितला नाही. चूक सांगितल्याशिवाय गाडी पुढे जायची नाही, मागून कितीही हॉर्न वाजोत. दुसऱ्या कुठल्या शाळेत असलं काही नव्हतं, आणि लोक हसत हसत इथंच शिकायला येत.

"कसली वायर?" मास्तर म्हणाला. "अपघातात तुटली असेल."

"मार मागे बसलाय, दादा. वायर पुढे आहे."

"मग हादऱ्यानं निसटली असेल."

"निसटली असती," धाकटा अगदी हळू म्हणाला, "पण टोकाला टेप गुंडाळलाय. नीट."

थोरलीनं पाय बाकावरून खाली घेतला. गुडघ्यातून कळ आली. तिनं ती चेहऱ्यावर येऊ दिली नाही.

"अपघात मोठा हुशार दिसतो," ती म्हणाली. "वायर तोडतो, वर टेपही गुंडाळतो. अशा अपघाताला आपल्याकडे नोकरीच द्यायला हवी."

"आई, तू यात पडू नकोस."

"मी पडलेच होते. मागच्या सीटवर. विसरलास?"

काल पावणेबाराचं ऊन होतं आणि रस्ता मोकळा होता. वीटवाली सरळ, शांत चालवत होती; इतकी शांत, की थोरलीला डुलकी लागत होती. मग कुठूनशी एक पांढरी पिशवी रस्त्यावरून उडत आली. कागदाची. वीटवालीनं ती बघितली, तिच्या मानेवरून थोरलीला ते कळलं, आणि तिनं काहीच केलं नाही, कारण पिशवीसाठी करायचं असतं तरी काय? पण शेजारी बसलेल्याच्या पायाला दुसऱ्यांच्या चुका थांबवायची सवय. तो पाय मालकाला विचारत नाही. घंटी वाजली. गाडी जागच्या जागी थिजली. आणि मागून पाववाला.

आदळल्यावर गाडीत क्षणभर काही आवाज नव्हता. मग त्या शांततेत वीटवालीनं तोंड उघडलं होतं. घंटी वाजली की चूक सांगायची. रस्त्याचे नियम तीही याच शाळेत शिकली होती, घरातली म्हणून सूट नव्हती. तिनं तोंड उघडलं आणि तिच्याकडे सांगायला चूकच नव्हती. ते उघडं राहिलेलं तोंड थोरलीनं आरशात बघितलं होतं. काल रात्री ते सारखं समोर येत होतं.

"वायर जोड," थोरली धाकट्याला म्हणाली.

मॅडम उठली. "आत्ता? तो माणूस येईल इतक्यात!"

"म्हणूनच आत्ता."

धाकटा आईकडे आणि भावाकडे बघत उभा राहिला. आयुष्यभर तो असाच उभा राहिला होता, मोठा भाऊ काय म्हणतो ते बघत. मग त्यानं दाराजवळ उभ्या असलेल्या बायकोकडे बघितलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती. बहुधा त्याच्याकडून तिची काही अपेक्षाच नव्हती, आणि तेच त्याला लागलं असावं.

"जोडूनच आलोय," तो म्हणाला.

"शाबास," थोरली म्हणाली. "जन्मात पहिल्यांदा सांगायच्या आधी काही केलंस."

विमा कंपनीचा माणूस आला तो बारकासा, चष्मेवाला, सर्दीनं बेजार झालेला. गाडीभोवती फिरून त्यानं फोटो काढले, मागचा चेपलेला पत्रा बोटानं ठोकून बघितला, नाक पुसलं, आणि खोलीत येऊन बसला. मॅडमनं सरबत पुढे केलं. त्यानं ते दूर सरकवलं, म्हणजे हा माणूस कामाचा असावा असं थोरलीला वाटलं.

"चालवत कोण होतं?"

"मी," वीटवाली म्हणाली.

"परवाना?"

"नाही."

"शिकाऊ परवाना तरी?"

"तोही नाही."

त्यानं मान वर करून भिंतीवरच्या रस्त्याच्या खुणांच्या तक्त्यांकडे बघितलं, मग खिडकीबाहेरच्या शाळेच्या बोर्डाकडे. शिंकला.

मास्तर पुढे झुकला. "तेच तर, साहेब. आम्ही काही लपवत नाही. परवाना नाही, म्हणजे चूक तिची. आम्हाला मान्य आहे."

"कसली चूक?"

"टकरीची."

"तसं नसतं हो," तो माणूस कंटाळून म्हणाला. हे वाक्य त्यानं फार घरांत म्हटलेलं असावं. "परवाना नव्हता याचा दंड वेगळा. तुमच्या गाडीच्या दुरुस्तीचे पैसे कंपनी बहुतेक देणार नाही, तेही त्याच्यामुळेच. पण टक्कर कुणाच्या चुकीनं झाली, ते परवान्यावरून ठरत नाही. परवाना खिशात असलेली माणसं रोज एकमेकांवर आदळतात. माझं पोट त्यांच्यावरच चालतं. पाववाल्याचा ड्रायव्हर म्हणतो, मोकळ्या रस्त्यावर गाडी एकदम थांबली. त्यानं अंतर ठेवलं नव्हतं ती त्याची चूक, ती तो भरेल. पण तुम्ही थांबलात का, हे मला हवंय. ब्रेक का मारला?"

"घाबरली असेल," मास्तर म्हणाला. "बायकांचं काय. पिशवी आली एक रस्त्यात."

"मी मारला नाही," वीटवाली म्हणाली.

"मग काय गाडीला दया आली पिशवीची?" मॅडम म्हणाली.

वीटवालीनं थोरलीकडे बघितलं. विनवणी नव्हती त्यात. सासूबाई, तुम्ही होतात तिथं, एवढंच होतं, आणि तुम्ही काय करणार ते मला माहीत आहे, असंही.

आपण काय करणार हे दुसऱ्याला आधीच माहीत असावं, हे थोरलीनं कधी कुणाकडून खपवून घेतलं नव्हतं.

"ब्रेक यानं मारला," ती म्हणाली आणि हनुवटीनं मास्तराकडे दाखवलं. "शेजारच्या सीटवरून. त्या ब्रेकला घंटी आहे, ती वाजली. मी माझ्या कानांनी ऐकली. तुम्ही जाऊन दाबून बघा, आत्ताही वाजेल."

"आई!"

"ओरडू नकोस. साहेबांना सर्दी आहे, डोकं दुखत असेल." ती विमेवाल्याकडे वळली. "पिशवी होती, बरं का. मांजरसुद्धा नव्हतं. मांजर असतं तर मी म्हटलं असतं, पुण्य तरी लागलं."

तो माणूस उठला, आवारात गेला. खोलीतल्या सगळ्यांनी ऐकलं. एकदा वाजली, थोडं थांबून पुन्हा. परत आला तेव्हा त्यानं आधी वीटवालीला विचारलं, "हे तुम्ही का नाही सांगितलंत?"

"माझ्यावर कोण विश्वास ठेवणार? माझ्याकडे लायसन्स नाही."

त्यानं नाक पुसलं, मास्तराची सही घेतली, थोरलीचा तोंडी जबाब उतरवून घेतला. आता थोडी चूक पाववाल्याची, थोडी शेजारच्या सीटवाल्याची धरली जाईल, असं तो जाता जाता म्हणाला. शेवटचं ठरवणार वरचे. आणि बिनपरवान्याच्या माणसाच्या हाती गाडी दिली म्हणून शिकवण्याच्या परवानगीवाले मास्तरांना बोलावतील, तेव्हा हजर राहावं लागेल. वीटवालीचा दंड तेवढा वीटवालीचाच.

तो फाटकाबाहेर पडताच मास्तर उभा राहिला. त्याचा चेहरा असा झाला होता, की थोरलीला तो लहानपणी पडून गुडघा फोडून घेणारा मुलगा आठवला, आणि तिनं ती आठवण लगेच परतवून लावली.

"परक्या माणसासमोर तू मला नागडं केलंस."

"कपडे तू सकाळीच काढले होतेस. वायर काढलीस तेव्हा."

"माझी शाळा बंद पडेल!"

"तुझी?"

"ठीक आहे," मास्तर म्हणाला. "मग मी येणार नाही इथं. चालवा तुम्ही. बघू कोण शिकवतं." त्यानं मॅडमला डोळ्यानं खुणावलं. मॅडम उठली, पण दाराशी थबकली. बाहेर जाऊन ती नुसतीच कुणाची तरी बायको होणार होती. "आई, तुम्ही तरी विचार करा," ती म्हणाली.

"केला. काल रात्रभर. म्हणून तर तुझं सरबत कडू लागतंय."

दोघं गेली. धाकटा "टायर बघतो" म्हणून निसटला. थोरलीला त्याची कीव आली, आणि कीव आल्याचा राग आला.

वीटवाली अजून दाराशीच होती. आभार मानायची तिची काही तयारी दिसत नव्हती.

"काल का नाही बोललात?" तिनं विचारलं. "रस्त्यावर. तो व्हॅनवाला मला एवढं बोलत होता तेव्हा."

थोरलीनं खिडकीबाहेर बघितलं. "मला वाटलं, तो स्वतः सांगेल. मुलगा आहे. त्याला एक रात्र द्यावी म्हटलं."

"मीही जागीच होते," वीटवाली म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही सांगाल."

या घरात लग्न होऊन आल्यापासून थोरलीला कुणी असं उत्तर दिलं नव्हतं. तिनं तोंड उघडलं, आणि बोलण्यासारखं काही सापडलं नाही. शेवटी तिनं दुखरा पाय ताणून टेबलामागची रिकामी खुर्ची लाथेनंच जरा पुढे ढकलली.

"उद्या सकाळी अर्ज घेऊन ये. लायसन्स हातात पडेपर्यंत गाडीला बोटही लावायचं नाही, मला दवाखान्यात बसनं जावं लागलं तरी चालेल. आणि त्या बायकांचे फोन आता तू घ्यायचे." वीटवाली हलली नाही, तसा तिचा आवाज चढला. "बस की! खुर्चीला अजून कुणी लायसन्स मागितलेलं नाही."

खुर्चीवर मास्तराची उशी होती, बसून बसून मधोमध दबलेली. वीटवालीनं ती आधी उचलली, बाकावर थोरलीच्या दुखऱ्या पायाखाली सरकवली, आणि मग बसली.